दगडावर आईचं नाव, कागदावर बापाचं



जूनमधली गोष्ट. असल्फ्याच्या चढाखाली झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं एक दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की तिथं पाय ठेवायला जागा नसते. आमच्या बचत गटातली एक बाई, तिची मुलगी आणि मी अशा तिघी त्या गर्दीत उभ्या होतो. बाई विद्याविहारला चार घरी पोळ्या करते. नवरा अकरा वर्षांपूर्वी गावी जाऊन येतो म्हणून गेला, तो आलाच नाही. तिकडं त्यानं दुसरा संसार थाटलाय हे हिला तीन वर्षांनी कळलं. मुलीला बारावी कॉमर्सला ७४ टक्के मिळालेत. मायलेकींचे चेहरे त्या दिवशी बघण्यासारखे होते.

अर्ज भरता भरता मुलगी एका रकान्यापाशी थांबली. ‘वडिलांचे पूर्ण नाव’. वर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. त्याखाली वडिलांचा व्यवसाय, वडिलांचं उत्पन्न, वडिलांचा मोबाईल. प्रत्येकाला चांदणी. आईच्या नावालाही रकाना होता, पण चांदणी नव्हती.

‘‘ताई, रिकामं सोडलं तर पुढं जातच नाही.’’

आई म्हणाली, ‘‘मग ‘नाही’ असं लिही.’’

तिनं तसंच इंग्रजी अक्षरांत ‘नाही’ टाईप केलं. मशीनचं समाधान झालं, अर्ज पुढं सरकला. पावतीवर छापून आलं: वडिलांचे नाव – नाही. आम्ही तिघी हसलो. चार दिवसांनी कागदपत्रं तपासायला गेलो तेव्हा खिडकीमागचे गृहस्थ मात्र हसले नाहीत. ‘‘मार्कशीटवर वडिलांचं नाव आहे, मग इथं नाही कसं? वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणा. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा कागद आणा.’’ बाई म्हणाली, ‘‘साहेब, सोडून गेलेत.’’ ‘‘त्याचा काय पुरावा?’’

ह्या एका प्रश्नावर आपल्यापैकी कितीजणी वर्षानुवर्षं डोकं आपटतायत! विधवेला कागद मिळतो. घटस्फोटितेलाही उशिरा का होईना मिळतो. टाकलेल्या बाईला कुठला कागद मिळणार? नवरा घर सोडून जाताना सही करून जात नाही.

खरी मेख पुढंच आहे. मुलगी ओबीसी. राखीव जागा आणि शिष्यवृत्ती हवी तर जातीचा दाखला हवा, आणि त्यासाठी आपल्या राज्यात १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून इथं असल्याचा पुरावा लागतो. (अनुसूचित जातींसाठी हीच तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१.) पुरावा मागतात तो वडिलांकडचा: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत्याचा दाखला. आई त्याच जातीची. आईच्या बापाचा जुना दाखला तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. तो चालत नाही. म्हणजे जिनं अकरा वर्षं पोळ्या लाटून पोरीला शिकवलं, तिनं आता ज्या घरानं तिला हाकललं त्याच घराच्या उंबऱ्यावर जाऊन सासऱ्याचा कागद मागायचा.

तिथून निघालो आणि बसस्टॉपवर मुलीनं विचारलं, ‘‘ताई, दुसरा फॉर्म एसएनडीटीचा भरूया का? पण एसएनडीटी म्हणजे काय हो?’’

मी समाजकार्यात एम.ए. केलेली. अभ्यासमंडळं घेते, शिबिरांत भाषणं ठोकते. ‘‘श्रीमती नाथीबाई...’’ म्हटलं आणि अडखळले. नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्या कोण, हे मला धड सांगता येईना. गेली कित्येक वर्षं आपण मोर्च्यांना, परिषदांना ‘एसएनडीटीला भेटू’ म्हणतोय. चार इंग्रजी अक्षरांत एक बाई आपण रोज गिळतो. ह्या मुलीच्या प्रश्नानं मला जरा लाज वाटली म्हणून पुस्तकं काढून बसले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवते. त्यातलं काही तुम्हाला माहीत असेलही, पण ह्या अर्जाशेजारी ठेवून पाहा.

आधी आपल्या थोरल्या विद्यापीठाचं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. आज उपनगरातल्या मुलींना विद्यापीठ म्हटलं की कलिना आठवतं, पण त्याची ओळख अजून फोर्टातला राजाबाई टॉवर हीच आहे. ही राजाबाई म्हणजे प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याची आई. ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख असे ४ लाख रुपये त्यांनी दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यायला लावलं. सांगतात असं, की म्हातारीची दृष्टी गेली होती, जैन असल्यानं सूर्यास्तापूर्वी जेवायचं, तेव्हा घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी. गोष्ट गोड आहे. तो मनोरा २८० फूट उंच; आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुतज्ज्ञाचा, आणि तो मुंबईत कधी आलाच नाही.

ते ४ लाख आले कुठून? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या गुलामांच्या घामावर पिकणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि त्यावर प्रेमचंद सगळ्यांत उंच तरंगले. युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअर बाजाराबरोबर तेही बुडाले, पण दिलेलं दान उरलं. तेव्हा त्या मनोऱ्याच्या पायात अमेरिकेतल्या गुलाम बायकांचं रक्त आहे, तसं आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापूस वेचणाऱ्या बायकांचंही आहे. वेचणी कोण करतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता तारखा बघा. मनोरा पुरा झाला १८७८ साली. मुंबई विद्यापीठानं स्त्रियांना परीक्षेची दारं उघडली १८८३ साली. म्हणजे पाच वर्षं एका बाईच्या नावाचं घड्याळ विद्यापीठाच्या डोक्यावर टोले देत होतं आणि खाली कुठल्याही बाईला परीक्षेला बसायची मुभा नव्हती! आईचं नाव चालतं, बाई चालत नाही. ही रीत इतकी जुनी आहे.

दारं उघडल्यावर आत गेलेल्यांत कॉर्नेलिया सोराबजी होत्या, ह्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. शिकत होत्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. त्यांच्या गुणांवर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. मिळाली नाही, कारण त्या बाई. शेवटी काही इंग्रज स्त्रीपुरुषांनी पैसे जमवले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. तिथं १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, आणि प्रत्यक्ष पदवी मिळायला १९२० नंतरचं दशक उजाडलं, कारण तोवर ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. म्हणजे फक्त आपणच मागासलेले असं समजू नका. कॉर्नेलियांची आई फ्रान्सिना सोराबजी पुण्यात शाळा चालवायच्या, मुलींना शिकवण्यासाठी झटायच्या. ह्या आईच्या नावाचा मनोरा मला कुठं दिसला नाही. तिनं मुलगी घडवली होती, कापसाच्या सट्ट्यातला मुलगा नव्हे.

आता एसएनडीटीकडे येते. इतिहास आपल्याला असा शिकवतात: महर्षी कर्व्यांना जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका मिळाली, त्यावरून त्यांना कल्पना सुचली, १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली आणि १९१६ साली हिंगण्याला विद्यापीठ सुरू झालं. डॉ. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. शिक्षण मातृभाषेतून, पदव्यांची नावंसुद्धा आपली, बी.ए.च्या जागी ‘गृहीतागमा’. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं. १९३६ साली मुख्य ठाणं मुंबईला आलं. सरकारमान्यतेचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावं लागलं. तोवर तिथं शिकलेल्या मुलींच्या पदवीला बाकीच्या जगात कुणी पुसत नव्हतं, आणि तरी मुली शिकत राहिल्या.

हे सगळं खरंच आहे. कर्व्यांचं मोठेपण मला कमी करायचं नाही, जातीनं वाळीत टाकलेलं त्यांनी सोसलंय. (बाईचं शिक्षण तिच्या संसाराला साजेसं वेगळं असावं, ह्या त्यांच्या मताशी मात्र माझं भांडण आहे. ते पुन्हा कधीतरी.) पण ही गोष्ट एक पाऊल मागं नेऊन सांगितली तर? १८८९ साली मुंबईत चौपाटीजवळ पंडिता रमाबाईंनी ‘शारदा सदन’ काढलं. रमाबाई तेव्हा तिशीच्या, नवरा १८८२ सालीच गेलेला, पदरी एकुलती मुलगी, मनोरमा. एकट्या बाईनं मुलीला घेऊन काढलेली शाळा. तिथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. तिचा भाऊ कर्व्यांचा मित्र. पहिली बायको गेल्यावर १८९३ साली कर्व्यांनी ह्या शिकलेल्या विधवेशी लग्न केलं. लग्नात तिचं नाव बदलून आनंदीबाई झालं, पुढं सगळे ‘बाया’ म्हणू लागले. एका आयुष्यात तीन नावं! ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र आपल्या वाचनालयात असायलाच हवं. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. कर्व्यांच्या संस्थेसाठी झोळी घेऊन गावोगाव फिरली. १९१८ साली इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला थेट अमेरिकेला गेली, आणि तिथं पोट भरायला लोकांच्या घरी भांडी-झाडूची कामं केली. आपल्या असल्फ्याच्या बाईसारखीच.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. हिशेब मांडते आहे. एका बाजूला १५ लाख रुपये, दुसऱ्या बाजूला दोन विधवांची तीसचाळीस वर्षं. विद्यापीठाच्या नावात आले ते १५ लाख. आणि ज्या नाथीबाईंचं नाव आलं त्यांच्या वाट्याला तरी काय आलं? नावाकडे नीट बघा: नाथीबाई, मग दामोदर, मग ठाकरसी. आईचा गौरव करतानाही मध्ये नवरा आहेच. आपल्या उपनगरातलं ह्याच विद्यापीठाचं आवार, जुहू तारा रोडवरचं, त्याचं नाव ‘सर विठ्ठलदास विद्याविहार’. तिथं मुलगा.

एकदा हे दिसायला लागलं की डोळे मिटता येत नाहीत. विलेपार्ल्याचं मिठीबाई, तिथलंच मणिबेन नानावटी महिला महाविद्यालय, घाटकोपरचं श्रीमती पी. एन. दोशी महिला महाविद्यालय, जुहूची उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था. लोकलच्या खिडकीतून बघाल तर उपनगरातलं उच्च शिक्षण बायकांच्या मालकीचं वाटेल. माटुंग्याच्या बी.एम.एन. कॉलेजच्या मुलींना विचारा बी.एम.एन. म्हणजे काय. भानुबेन महेंद्र नानावटी. पुन्हा तीन अक्षरं. दानशूर घराण्यांनी शाळा-कॉलेजं काढली म्हणून आपल्या मुली शिकल्या, हे ऋण मी नाकारत नाही, आणि ह्यांपैकी कुठल्या संस्थेविरुद्ध माझी तक्रारही नाही. माझा प्रश्न रीतीबद्दल आहे. बाईचं नाव दगडावर कोरायला आपल्या समाजाची कधीच हरकत नव्हती. अट एकच, ते नाव लिहिणाऱ्या हातात पैसा हवा, आणि तो हात बहुतेक वेळा मुलाचा नाहीतर नवऱ्याचा असतो.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आता काळ बदलला. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं, पुढं सोलापूरला अहिल्यादेवींचं. मिळालं, आनंद झाला. पण बहिणाबाईंचं बघा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेलं मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक झालं. मुलगा कवी नसता तर? त्यांच्यासोबत कापूस वेचणाऱ्या बाकीच्या बायांच्या ओव्या कुठं गेल्या?

सावित्रीबाईंची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती ह्या विषयाच्या गाभ्याशी आहे. १८७४ साली काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा फुल्यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहात बाळंत झाली. त्या मुलाला जोतिराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, तो यशवंत. पुढं डॉक्टर झाला. ज्या मुलाला बापाचं नाव नव्हतं त्याला त्यांनी आपलं नाव दिलं. मूल कुणाचं हे विचारायला ज्या समाजात लोक काठ्या घेऊन येत त्या समाजात! पण त्या घरी दत्तक न जाता यशवंत काशीबाईजवळच वाढला असता, आणि आज आमच्याबरोबर असल्फ्याच्या त्या दुकानात अर्ज भरायला बसला असता, तर? लाल चांदणीपाशी काशीबाईनं काय लिहायचं? ‘नाही’?

विद्यापीठाच्या कागदावर आईचं नाव यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख (१९९५ ते २०००) यांनी गुणपत्रिकेवर आणि पदवीवर आईचं नाव छापायचा निर्णय घेतला. बालशल्यचिकित्सक होत्या, म्हणजे आजारी लेकराजवळ रात्रभर कोण बसतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. विद्यापीठ स्थापन होऊन तोवर सुमारे १४० वर्षं झाली होती. २०२४ साली त्या गेल्या तेव्हा ह्या निर्णयाची आठवण काढणारे फार थोडे होते.

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव आहे. पण कसं? माझं नाव आडनाव-वडिलांसकट पूर्ण, आणि खाली वेगळ्या ओळीत आईचं फक्त पहिलं नाव. आडनाव नाही, काही नाही. हजेरी लावल्यासारखं. त्या नावानं दाखला मिळत नाही, जात ठरत नाही, उत्पन्न धरलं जात नाही.

२०२४ साली आपल्या सरकारनं आणखी एक निर्णय घेतला: १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बातमी आली तेव्हा आमच्या बैठकीत पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. मग निर्णय वाचला. विवाहित बाईसाठी पूर्वीचीच पद्धत: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. म्हणजे लेकरू आईचं नाव लावील आणि आई मात्र नवऱ्याचंच. नाथीबाई दामोदर ठाकरसी! शंभर वर्षांत रचना तसूभर हलली नाही. आणि ज्या मुलीला आज अठरावं लागलंय, तिला १ मे २०२४ शी काय देणंघेणं? बापाचा रकाना तर तसाच राहिलाय, त्याच्या आधी आणखी एक वाढवलाय, एवढंच.

कायदा ह्याच्या बराच पुढं गेलाय, ही खरी चीड आणणारी गोष्ट. १९५६ च्या कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असं आहे. गीता हरिहरन ह्या लेखिका रिझर्व्ह बँकेविरुद्ध भांडल्या आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘त्याच्यानंतर’ म्हणजे तो मेल्यानंतरच असं नाही. तो नसेल, लक्ष घालत नसेल, तर आईच पालक. २०१५ साली त्याच न्यायालयानं अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालक व्हायचा अधिकार दिला. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टच्या नियमांतही एका पालकाचं नाव पुरेसं झालं. जातीबाबत २०१२ साली, आंतरजातीय लग्नातल्या मुलांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मुलाची जात बापाचीच असं डोळे मिटून धरता येणार नाही, ते मूल कुठं कसं वाढलं ते पाहावं लागेल. म्हणजे ही मुलगी बापाचं नाव न सांगता परदेशी जायला पासपोर्ट काढू शकते, पण घाटकोपरहून दोन स्टेशनांवरच्या कॉलेजात जाऊ शकत नाही!

खिडकीमागच्या माणसाला मी हे निकाल सांगायला गेले. तो म्हणाला, ‘‘मॅडम, ते कोर्टाचं झालं. सॉफ्टवेअर घेत नाही.’’

पूर्वी बाईला अडवायला मनुस्मृती लागायची. आता सॉफ्टवेअर पुरतं. पण ते आकाशातून पडलं नाही. कुणीतरी माणसानं खुर्चीत बसून ठरवलं की ह्या रकान्याला चांदणी द्यायची आणि त्याला नाही. ते ठरवताना त्या खोलीत एकही एकटी आई नव्हती, हे मी पैजेवर सांगते.

ह्यात विद्यापीठांची जबाबदारी मी जास्त धरते, कारण त्यांना कळत नाही असं नाही. देशातलं पहिलं स्त्री-अभ्यास केंद्र १९७४ साली एसएनडीटीत नीरा देसाईंनी उभं केलं, जे पुढं जुहूच्या आवारात वाढलं. १९८१ साली पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद एसएनडीटीतच भरली, त्यातून पुढं भारतीय स्त्री-अभ्यास संघटना झाली. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ साली स्थापलेलं ‘स्पॅरो’ हे बायकांच्या आवाजांचं, चित्रांचं, कागदांचं संग्रहालय आज आपल्या दहिसरला आहे. बोरिवलीच्या मैत्रिणींनी एक शनिवार काढून जावंच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. विद्यापीठ थेट पोलिसांच्या दारात जाऊन बसलं! एवढं सगळं ह्याच शहरात झालंय. ‘कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष’ ह्या गृहीतकावर ह्याच शहरात चर्चासत्रं झाली, प्रबंध लिहिले गेले. मग स्त्री-अभ्यास केंद्रांना माझा साधा सवाल आहे: आपल्याच विद्यापीठाचा, आपल्याशी संलग्न कॉलेजांचा प्रवेशअर्ज तुम्ही कधी वाचलाय का? प्रबंधाचा विषय म्हणून नको. पोरगी होऊन, झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून, मागं रांग असताना वाचा.

आणि आपल्यालाही आरशात बघायला हवं. आमच्या संघटनेच्या समुपदेशनाच्या फॉर्मवर परवापरवापर्यंत ‘पतीचे/वडिलांचे नाव’ होतं. वीस वर्षांपूर्वीच्या फॉर्मची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, असं चालत आलेलं. तो आम्ही मागच्या महिन्यात बदलला. आमच्यापैकी दोघीजणींना तो बदल फालतू वाटला, ‘‘एवढ्यानं काय होणार’’ म्हणाल्या. रात्री नऊपर्यंत वाद झाला.

त्या मुलीचं म्हणाल, तर प्रवेश खुल्या गटातून झाला. फी आईनं गटातून कर्ज काढून भरली. जातीच्या दाखल्याचा अर्ज पडून आहे. आजोबांच्या कागदासाठी सासरी जायला आई तयार नाही, आणि मी तिला जा म्हणणार नाही. आईकडच्या पुराव्यावर दाखला मागणारा अर्ज आम्ही वकील मैत्रिणीकडून लिहून घेऊन दिलाय. नाकारला तर लेखी नाकारा म्हणून सांगितलंय, म्हणजे पुढं जाता येईल.

एकटीच्या प्रकरणानं हे हलणार नाही. म्हणून ठरवलंय ते असं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या चारही भागांतल्या गटांनी आपापल्याकडच्या कॉलेजांचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहांचे अर्ज जमा करायचे. ऑनलाईन असतील तर पडद्याचे फोटो काढायचे. कुठं बापाच्या नावाला चांदणी आहे, कुठं आईचं उत्पन्न धरतच नाहीत, कुठं ‘पालक’ म्हणजे पुरुषच असं गृहीत आहे, ते लाल पेनानं खुणवायचं. ज्या एकट्या आयांना अडवलं गेलं त्यांची हकीकत त्यांच्या शब्दांत लिहून घ्यायची. नाव द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. दिवाळीपूर्वी हा गठ्ठा घेऊन आपण आधी कलिन्याला आणि मग जुहूला जाणार आहोत. जाताना बरोबर त्या आया असतील, बोलतील त्याच. अर्ज पाठवताना पाकिटावर पाठवणारीचं नाव लिहा, नुसतं ‘कार्यकर्ती’ नको.